दहाव्या आणि अकराव्या डोसमधले आठ आठवडे: कर्करोग आणि हृदयविभाग यांच्यामधल्या वाटेचा एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका धर्मादाय रुग्णालयातलं आहे. कर्करोग विभाग आणि हृदयरोग विभाग एकाच आवारात, मध्ये फक्त गाड्या लावायची जागा. रुग्ण बाईंचं नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रुग्णालयात मी रुग्ण-समन्वयाचं काम करते आणि शेवटची निर्णयाची बैठक झाली तेव्हा मी तिथे होते. सहकाऱ्यांना आणि इतर रुग्णालयांत हेच काम करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

चंद्रभागाबाई (नाव बदललेलं) ५२ वर्षांच्या. मराठवाड्यातलं कोरडवाहू गाव, घरात नवरा, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मुलगा आणि सून ऊसतोडीला जातात. दरवर्षी दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर. बाईंनी स्वतः कोयता धरणं काही वर्षांपूर्वी सोडलं, पण कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, नातवंडं सांभाळायला आणि भाकरी थापायला त्या जातातच. ही माहिती आमच्या केसपेपरवर कुठेही नव्हती. पत्ता म्हणून फक्त गावाचं नाव होतं.

डाव्या स्तनातली गाठ आणि काखेतल्या गाठी घेऊन त्या जानेवारीत आल्या. तपासणीत गाठ हर-टू पॉझिटिव्ह निघाली, म्हणजे पेशींवर हर-टू नावाचा ग्राहक (वाढीचा संदेश घेणारं प्रथिन) जास्त होता, आणि संप्रेरक-ग्राहक निगेटिव्ह. सहा वर्षांपासून रक्तदाब होता, प्राथमिक आरोग्य केंद्रातून अम्लोडिपिनची गोळी मिळत होती. उपचारांचा आराखडा ठरलेल्या पद्धतीचा होता. आधी डॉक्सोरुबिसिनचे चार डोस, मग बारा आठवडे पॅक्लिटॅक्सेल आणि त्यासोबत हर-टूला अडवणारं ट्रास्टुझुमॅब, मग शस्त्रक्रिया, मग रेडिएशन, आणि ट्रास्टुझुमॅब दर तीन आठवड्यांनी वर्षभर, एकूण १८ डोस. जुलैत शस्त्रक्रिया झाली तेव्हा काढलेल्या भागात कर्करोगाच्या पेशी शिल्लक नव्हत्या. याहून चांगली बातमी या आजारात शस्त्रक्रियेच्या दिवशी मिळत नाही.

हृदयाचा संबंध इथे येतो. डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं, डोस वाढेल तसा धोका वाढतो आणि झालेली इजा पुष्कळदा भरून येत नाही. बाईंना एकूण २४० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर मिळालं होतं, म्हणजे नेहमीच्या मर्यादेच्या बरंच आत. ट्रास्टुझुमॅबचा प्रकार वेगळा आहे. ते ज्या हर-टू ग्राहकाला अडवतं, तोच ग्राहक हृदयाच्या पेशींना ताण सोसायला आणि डागडुजी करायला लागतो. त्यामुळे पंपाची ताकद घसरू शकते, पण औषध थांबवून उपचार केले तर बहुतेक वेळा ती परत येते. एकापाठोपाठ ही दोन्ही औषधं, डाव्या बाजूचं रेडिएशन आणि जुना रक्तदाब अशा रुग्णाचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) उपचार चालू असेपर्यंत दर तीन महिन्यांनी व्हायला हवा. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात.

बाईंचा पहिला इको जानेवारीत झाला, ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं तो आकडा) ६२ टक्के. मार्चअखेर, ट्रास्टुझुमॅब सुरू करण्याआधी, ६०. जूनअखेर ५७. पुढचा सप्टेंबरअखेर व्हायला हवा होता, तो झाला नाही.

दोन विभाग कसे चालतात

हा भाग थोडा लांबवते आहे, कारण पुढचं सगळं यातून घडलं.

कर्करोग विभाग कॅलेंडरवर चालतो. एकविसाव्या दिवशी डोस, अमुक सोमवारी रक्त, तमुक आठवड्यात रेडिएशन. डे केअरमध्ये कोणत्या खुर्चीवर कोण बसणार हे आदल्या आठवड्यात ठरलेलं असतं. ट्रास्टुझुमॅबची ४४० मिलिग्रॅमची कुपी सोबतच्या खास पाण्यात कालवली तर शीतकपाटात २८ दिवस टिकते, म्हणून सिस्टर एकाच दिवशी तीन-चार बायकांना बोलावतात आणि कुप्या वाटून घेतात. यात प्रत्येकीचा खर्च कमी होतो. एक बाई चुकली की बाकीच्यांचं गणितही हलतं.

हृदयविभाग घड्याळावर चालतो, आणि तसाच चालायला हवा. छातीत कळ येऊन माणूस आला की दहा मिनिटांत ईसीजी, नस पूर्ण बंद असेल तर दीड तासाच्या आत कॅथलॅबमध्ये फुग्याने ती उघडायची. ज्या रुग्णालयात कॅथलॅब नाही तिथे अर्ध्या तासात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आणि मग मोठ्या केंद्राकडे रवानगी. राज्यात १०८ची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे, तिच्यातूनही रुग्ण थेट आमच्या दारात येतात. या घाईत इकोचं यंत्र आधी आपत्कालीन रुग्णाला, मग आयसीयूला, मग उद्या शस्त्रक्रिया असलेल्याच्या फिटनेसला. हिंडतीफिरती, धाप नसलेली, फक्त तीन महिने झाले म्हणून आलेली बाई या रांगेत सर्वांत शेवटी. तिच्यासाठी वेगळी रांगच नव्हती. ऑक्टोबरात बाह्यरुग्ण इकोची तारीख जवळजवळ महिनाभर पुढची मिळत होती.

महाराष्ट्रात कर्करोगावरच्या सेवेची घडण मुंबईभोवती झाली. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली परळला सुरू झालं आणि कित्येक दशकं राज्याच्या कानाकोपऱ्यातून लोक तिथेच जात राहिले. २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभं राहिल्यापासून देशभरातली केंद्रं सारख्या उपचारपद्धतीने जोडली जाऊ लागली, आणि आमच्यासारख्या रुग्णालयांत ठरलेले आराखडे वापरणं सोपं झालं. या आराखड्यांत डोसचा दिवस पक्का असतो. इको ‘दर तीन महिन्यांनी’ असं लिहिलेलं असतं, पण तो कोणी ठरवायचा, कुठे करायचा, आकडा आल्यावर कोणी काय करायचं, हे प्रत्येक रुग्णालयाने स्वतः बसवायचं असतं. आमच्याकडे ते बसलेलं नव्हतं.

काय घडलं

सप्टेंबरचा इको राहिला, कारण ऑगस्टमध्ये बाई रेडिएशनच्या खिडकीवर होत्या आणि मग पुन्हा डे केअरमध्ये आल्या. एका टीमच्या वहीतून दुसऱ्या टीमच्या वहीत डोसची तारीख गेली, इकोची गेली नाही. २८ ऑक्टोबरला दहावा डोस देताना निवासी डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यांनी कार्डावर लिहिलं, ‘पुढच्या डोसआधी टूडी इको.’ हृदयविभागाच्या खिडकीवर २५ नोव्हेंबरची तारीख मिळाली. पुढचा डोस होता १८ नोव्हेंबरला. सुनेने सांगितलं की पाडवा झाला की टोळी निघणार, तेव्हा काउंटरवरून उत्तर आलं, “मग बाहेरून करून आणा, चालेल.”

कारखान्याजवळच्या गावात एका खासगी केंद्रात १४ नोव्हेंबरला इको झाला. ईएफ ४४ टक्के. अहवालात नाडी ११६ लिहिली होती. पद्धत कोणती वापरली ते लिहिलेलं नव्हतं. बहुधा डोळ्यांच्या अंदाजाने काढलेला आकडा असावा. तसं करणं त्या केंद्रासाठी वावगं नव्हतं, कारण त्यांच्यापुढे ‘बाईला धाप लागते’ एवढीच तक्रार होती. आधीचे तिन्ही आकडे आमच्या फायलीत होते, त्यांच्याकडे नव्हते.

१८ नोव्हेंबरला, रात्रभराचा एसटीचा प्रवास करून, बाई डे केअरला आल्या. ६२ वरून ४४, म्हणजे १८ अंकांची घसरण. नियम अशा वेळी स्पष्ट आहे, औषध थांबवा. डॉक्टरांनी थांबवलं आणि हृदयविभागाला चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर तीन शब्द होते, ‘केमोसाठी फिटनेस द्यावा.’

२१ तारखेला हृदयविभागाच्या ओपीडीत बाईंना तपासलं गेलं. बाहेरच्या आकड्यावर मत देण्याऐवजी आमच्या यंत्रावर पुन्हा इको करायचं ठरलं. योग्यच होतं. पण तारीख मिळाली ११ डिसेंबरची. बाई परत कोपीवर. ११ डिसेंबरला इको झाला, ईएफ ५०. नोंद अशी: ‘मध्यम धोका. निर्णय कर्करोग विभागाने घ्यावा.’ तो बुधवार होता आणि बाईंच्या डॉक्टरांची ओपीडी सोमवारी असते. कागद फायलीत लागला आणि बाई पुन्हा बसमध्ये बसल्या.

हे लक्षात आलं ते डे केअरच्या मुख्य सिस्टरांना. १६ डिसेंबरच्या सोमवारी त्या कुप्यांचा हिशोब करत होत्या. नेहमी चौघींमध्ये कुप्या वाटल्या जायच्या, गेले काही आठवडे तिघींमध्येच जात होत्या. चौथी कुठे आहे म्हणून त्यांनी रजिस्टर मागे उलटलं. मग फोन केला. सुनेने उचलला. म्हणाली, “सिस्टर, आम्हाला वाटलं बोलावतील तेव्हा जायचं.”

खरी अडचण कोणती होती

वरवर पाहता प्रश्न ईएफच्या आकड्याचा होता. सिस्टरांनी फोनवर आणखी दोन गोष्टी विचारल्या आणि चित्र पालटलं.

पहिली, बीपीची गोळी. रेडिएशननंतर बाईंनी ती घेतलीच नव्हती. गावच्या आरोग्य केंद्रात त्यांना सांगितलं गेलं होतं की मोठ्या रुग्णालयात उपचार चालू आहेत तर गोळ्या तिथूनच घ्या, तिथे काही बदललं असेल. आमच्याकडे समजूत होती की बीपीच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून मिळतात, म्हणून चिठ्ठीवर त्या लिहिल्याच जात नव्हत्या. दोन्ही ठिकाणच्या माणसांनी काळजीपोटीच हे केलं. त्यात टोळी निघाल्यावर गावचं केंद्रही मागे पडलं.

दुसरी, धाप कधी लागते. पाणी आणताना, चढावर. रात्री उताणं झोपलं तर लागत नाही, पायांवर सूज नाही. दुसऱ्या दिवशी बाईंना बोलावून घेतलं तेव्हा हिमोग्लोबिन ८.६ निघालं, रक्तदाब १६४/९८. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) सामान्य. म्हणजे धाप हृदय थकल्याची, की रक्त कमी असल्याची, की दोन्हींची? ११ डिसेंबरच्या नोंदीत या प्रश्नाचा मागमूस नव्हता, कारण कोणी तो विचारलाच नव्हता. ‘फिटनेस द्यावा’ या चिठ्ठीला ‘मध्यम धोका’ हेच उत्तर येणार. चिठ्ठीत निर्णय मांडलेला नसेल तर उत्तरातही तो येत नाही.

आणि एक वेळेची बाब. ट्रास्टुझुमॅबचा डोस आठवड्याहून जास्त उशिरा झाला तर नेहमीचा ६ मिलिग्रॅम प्रति किलो चालत नाही, पुन्हा सुरुवातीचा ८ मिलिग्रॅमचा डोस द्यावा लागतो. बाईंचं वजन ४८ किलो. २८८च्या जागी ३८४ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास अख्खी कुपी. बाईंच्या उपचारांचा खर्च ज्या योजनेतून होत होता, तिच्यातली मंजुरी नेहमीच्या डोसाची होती.

समोरचे पर्याय

१९ डिसेंबरच्या गुरुवारच्या बैठकीत कर्करोगतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, इको करणारे डॉक्टर, डे केअरच्या सिस्टर, समाजसेवा विभाग आणि मी होतो. हृदयरोगतज्ज्ञ अशा बैठकीला पहिल्यांदाच आले होते, आणि ते आले यानेच अर्धं काम झालं असं मला वाटतं.

पहिला पर्याय, ट्रास्टुझुमॅब इथेच संपवायचं. याला आधार आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या, चार हजारांहून जास्त रुग्णांच्या पर्सेफोनी चाचणीत सहा महिन्यांचा उपचार बारा महिन्यांच्या तोडीचा ठरला, आणि हृदयाचा त्रासही कमी झाला. बाईंचे दहा डोस झालेच होते. कर्करोगतज्ज्ञांचं म्हणणं असं की त्या चाचणीत कमी धोक्याच्या रुग्णांचा भरणा मोठा होता, आणि बाईंच्या काखेतल्या गाठी सुरुवातीला बाधित होत्या. हृदयाने साथ दिली नाही तर सहा महिन्यांवर थांबायला हरकत नाही, पण हृदय साथ देतंय की नाही हे न पाहताच थांबू नये.

दुसरा, हृदयाची औषधं सुरू करून लगेच पुढचा डोस. ईएफ ४० ते ४९ असतानाही हृदयाच्या औषधांच्या आडोशाने ट्रास्टुझुमॅब चालू ठेवल्याचे अभ्यास आहेत, पण लहान आहेत आणि त्यांत रुग्णांवर बारीक लक्ष होतं. ऊसतोडीच्या तळावर राहणाऱ्या बाईवर तसं लक्ष कोण ठेवणार, हा सिस्टरांचा प्रश्न होता आणि तो योग्य होता.

तिसरा, आणखी चार आठवडे थांबून, रक्तदाब आणि रक्त सुधारून, पुन्हा इको आणि मग निर्णय. सर्वांत सावध मार्ग. पण खंड बारा आठवड्यांवर गेला असता.

आकडा ५० हा नेमका नियमाच्या उंबरठ्यावर होता. १० अंकांहून जास्त घसरण आणि ५०च्या खाली, तर थांबवा, हे ठरलेलं. ५० म्हणजे खाली नाही आणि निर्धास्त वरही नाही. इथे इकोच्या डॉक्टरांनी मोलाची गोष्ट सांगितली. दोन वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या हातांनी, वेगळ्या पद्धतीने मोजलं तर आठ-दहा अंकांचा फरक नुसत्या मोजणीतून पडू शकतो. त्यामुळे ४४ आणि ५० या दोन आकड्यांवरून हृदय सुधारतंय की बिघडतंय हे सांगता येत नाही. स्ट्रेन नावाचं मोजमाप जास्त भरवशाचं, स्नायू किती आकसतो ते त्यातून ईएफ घसरण्याआधी कळतं. ते ११ डिसेंबरला मोजलं होतं, उणे १६ आलं. पण जानेवारीत, सुरुवातीला, मोजलंच नव्हतं. मूळचा आकडा उणे १७ असता तर चिंता नव्हती, उणे २० असता तर घसरण ठळक होती. कोणता होता हे आता कधीच कळणार नव्हतं.

बाईंना बैठकीनंतर आत बोलावलं. हृदयरोगतज्ज्ञांनी सगळं साध्या शब्दांत सांगितलं आणि विचारलं, “मावशी, तुम्हाला काय वाटतं?” त्या म्हणाल्या, “मधीच सोडलं तर मागलं समदं वाया जातंय का, डॉक्टर?” डॉक्टर म्हणाले, “नाही मावशी, मागचं वाया जात नाही. पुढचं घेतलं तर थोडी भर पडते.” मग बाईंनी विचारलं, “आन् काळजाला?” या दोन प्रश्नांत आमच्या तासाभराच्या चर्चेचा सगळा गाभा होता, आणि तो त्यांनी आठ आठवड्यांत पहिल्यांदा कोणाला तरी विचारला होता.

काय केलं

दुसरा आणि तिसरा पर्याय यांच्या मधला मार्ग निघाला. शुक्रवारी शिरेतून लोह दिलं. रक्तदाबासाठी औषध निवडताना बराच खल झाला. हृदयरोगतज्ज्ञांचा कल रामिप्रिलकडे होता, कारण या कामात त्याचा अनुभव जास्त. पण रक्तदाबासाठी सरकारी आरोग्य केंद्रांत जी औषधं असतात त्यांत अम्लोडिपिनच्या जोडीला टेल्मिसार्टन आहे, रामिप्रिल सहसा नाही. जे औषध बाईंना तळाजवळच्या केंद्रात फुकट आणि दर महिन्याला मिळेल, ते घेतलं जाईल. टेल्मिसार्टन ठरलं, सोबत हृदयाला जपणाऱ्या कार्व्हेडिलॉलचा लहान डोस. कार्व्हेडिलॉल तीन महिन्यांचं आमच्या औषधालयातून दिलं.

चिठ्ठीवर सिस्टरांनी मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलं: ‘या गोळ्या कर्करोगाच्या उपचारांसोबत चालू ठेवायच्या आहेत. कृपया आरोग्य केंद्रातून द्याव्यात.’ खाली डे केअरचा फोन नंबर.

सोमवारी, २३ डिसेंबरला, नाडी ८८ आणि रक्तदाब १४२/८८ असताना अकरावा डोस दिला, ८ मिलिग्रॅमने. म्हणजे दहाव्या डोसानंतर बरोबर आठ आठवड्यांनी. वाढीव औषधाचा खर्च निर्धन रुग्ण निधीतून केला. धर्मादाय रुग्णालयांना एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम या निधीत ठेवावी लागते. समाजसेवा विभागाने दोन दिवसांत कागद पुरे केले. आणि सहा आठवड्यांनी इकोची तारीख तिथल्या तिथे घेतली, त्याच यंत्रावर, त्याच डॉक्टरांकडे, डोसच्याच दिवशी सकाळी.

आणखी एक प्रयत्न केला, तो फसला. कारखान्यापासून जवळ पडणाऱ्या एका रुग्णालयात डे केअर केमोथेरपी चालते. पुढचे डोस तिथे द्यावेत म्हणून बोलणी केली. तिथले डॉक्टर तयार होते. पण उपचारांची मंजुरी आमच्या रुग्णालयाच्या नावावर होती. ती तिकडे न्यायची तर सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागणार होती आणि मधला एक डोस नक्की चुकला असता. इकोचं यंत्र तळाजवळ शिबिरात नेता येईल का, हेही कोणीतरी सुचवलं. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली अशा यंत्रांची नोंदणी जागेसह होते, ती वाटेल तिथे नेता येत नाहीत. तो विचार तिथेच संपला.

काय निष्पन्न झालं

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ईएफ ५४. हिमोग्लोबिन १०.८, धाप गेली. मे महिन्यात शेवटचा, अठरावा डोस झाला तेव्हा ईएफ ५६. सुरुवातीच्या ६२ला पोचलं नाही, आणि पोचेल असं आश्वासन कोणी दिलेलं नाही. कार्व्हेडिलॉल आणि टेल्मिसार्टन चालू आहेत.

मधे एक डोस सहा दिवस उशिरा झाला. मुलाला खाडा परवडत नव्हता आणि सुनेचा कोयता थांबवायला मुकादम तयार नव्हता. सिस्टरांनी फोन केला, तेव्हा टोळीतल्या दुसऱ्या एका बाईंनी सोबत येण्याची तयारी दाखवली. उशीर आठवड्याच्या आत असल्यामुळे पुन्हा मोठा डोस लागला नाही.

खंडामुळे कर्करोगाच्या दृष्टीने नुकसान झालं का, हे एका रुग्णावरून सांगता येणार नाही. सध्या आजार परतल्याचं चिन्ह नाही. घरचं नुकसान मात्र दिसणारं आहे. नोव्हेंबर-डिसेंबरातल्या निर्णयाविनाच्या तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, आणि तो मुकादमाच्या वहीत उचलीवर चढलेला.

निर्णयाच्या जागा आणि वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत महत्त्वाची जागा मला २८ ऑक्टोबरची वाटते. त्या दिवशी दोन वाटा होत्या. एक, इको आमच्याकडेच त्याच दिवशी, मधे घुसवून. दुसरी, बाहेरून. ‘बाहेरून चालेल’ हे काउंटरवरचं वाक्य रोज शेकडो रुग्णांना मदत करतं, आणि रक्तगटासाठी किंवा छातीच्या एक्स-रेसाठी ते ठीकच आहे. पण जिथे आजचा आकडा मागच्या आकड्याशी ताडून निर्णय घ्यायचा आहे, तिथे यंत्र बदलणं म्हणजे मोजपट्टी बदलणं. हे काउंटरवरच्या माणसाला कळावं अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. ते कागदावरच लिहिलेलं हवं. आता ट्रास्टुझुमॅबच्या कार्डावर शिक्का असतो: ‘इको याच रुग्णालयात.’

दुसरी जागा १८ नोव्हेंबरची. औषध थांबवणं बरोबर होतं. पण थांबवताना परत कधी आणि कोणी ठरवायचं हे लिहिलं गेलं नाही. डोस चालू असतो तेव्हा पुढची तारीख आपोआप पडते. थांबवला की रुग्ण कॅलेंडरमधून बाहेर जातो आणि त्याला शोधणारं कोणी उरत नाही. आता डोस थांबवला तरी खुर्चीची नोंद खोडत नाहीत. दर सोमवारी सिस्टर थांबलेल्यांची यादी वाचतात आणि प्रत्येक नावापुढे कोणाच्या उत्तराची वाट आहे ते विचारतात. यासाठी संगणक लागला नाही, वही पुरली.

हृदयविभागाच्या चिठ्ठीचा नमुना बदलला. ‘फिटनेस द्यावा’ची ओळ काढली, तिच्या जागी दोन ओळी: ‘कोणता निर्णय अडला आहे?’ आणि ‘कोणत्या तारखेच्या आत उत्तर हवं?’ पहिले काही आठवडे निवासी डॉक्टर या ओळी रिकाम्या सोडत. हृदयविभागाने अशा चिठ्ठ्या न रागावता परत पाठवल्या, मग सवय लागली. सुरुवातीच्या इकोत स्ट्रेन मोजणं आता सक्तीचं आहे.

सोमवारी आणि गुरुवारी सकाळी इकोच्या दोन-दोन जागा कर्करोग विभागासाठी राखल्या आहेत. हृदयविभागाचा याला सुरुवातीला विरोध होता आणि तो समजण्यासारखा होता. यंत्रं तेवढीच, माणसं तेवढीच, आणि आयसीयूतून हाक आली तर राखीव जागा काय कामाची? तोडगा असा निघाला की आपत्कालीन रुग्ण आला तर जागा त्याची, पण ज्या बाईची वेळ गेली तिचा इको त्याच दिवशी संध्याकाळच्या आत व्हायचा. तिला परत पाठवायचं नाही. गर्दीच्या दिवसांत हे अजून धकत नाही. इको करणारं एक माणूस वाढल्याशिवाय धकणार नाही, आणि ती मागणी व्यवस्थापनापुढे आहे.

नोंदणीच्या वेळी आम्ही आता विचारतो, “वर्षातले कोणते महिने तुम्ही गावाला नसता?” कापूस वेचणीला, वीटभट्टीला, ऊसतोडीला, मासेमारीला जाणारी माणसं आमच्याकडे येतात. वर्षभराचा उपचार आखताना हा प्रश्न रक्तगटाइतकाच आवश्यक आहे असं माझं ठाम मत झालं आहे. बाईंच्या बाबतीत हे जानेवारीत माहीत असतं तर सप्टेंबरचा इको टोळी निघायच्या आत उरकता आला असता, आणि बीपीच्या गोळ्यांची सोय तळावर आधीच लागली असती.

एका मुद्द्यावर आमच्यात अजून एकमत नाही. कर्करोगतज्ज्ञांपैकी एकांचं म्हणणं आहे की ज्यांना प्रवास आणि रोजंदारी यांचा एवढा भार आहे, त्यांच्यापुढे सहा महिन्यांच्या उपचाराचा पर्याय पहिल्याच दिवशी मोकळेपणाने ठेवायला हवा. दुसऱ्यांना भीती वाटते की तसं केलं तर गरीब रुग्णांना कमी उपचार, हा पायंडा पडेल. मला दोघांचंही पटतं. माझं एवढंच म्हणणं आहे की तो प्रश्न चंद्रभागाबाईंना जानेवारीत विचारायला हवा होता, आणि तो विचारला गेला डिसेंबरात.

मंजुरी एका रुग्णालयातून दुसऱ्यात मधेच नेता येण्याचा विषय आम्ही योजनेच्या जिल्हा समन्वयकांकडे लेखी मांडला आहे. उपचार संपल्यानंतरचा तीन महिन्यांचा इको ऑगस्टमध्ये झाला, ईएफ ५७. वर्षानंतरचा पुढच्या मेमध्ये आहे, तेव्हा टोळी गावात असते.